बाईनं सांगतलं हाये

"मी नाई म्हणत बापा, बाईनं सांगतलं हाये."

हे वाक्य ती उजव्या हाताचा पंजा समोरच्याच्या तोंडापुढं उभा धरून बोलायची. रस्त्यात एसटीला थांबवावं तसा. पंजा उभा राहिला की समजून घ्यायचं, आता वाद नाही. गंमत अशी की या वाक्यातली बाई म्हणजे मी, आणि माझ्या नावावर खपवलेल्या निम्म्या गोष्टी मी कधी सांगितलेल्याच नव्हत्या.

चिमूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी फिजिओथेरपीचं काम करते. व्हरांड्याच्या टोकाला माझी खोली. एक उंच टेबल, भिंतीला लावलेलं खांद्याच्या व्यायामाचं चाक, दोन लाकडी पायऱ्या. लोक मला "व्यायामवाली बाई" म्हणतात. मी वाढले भद्रावतीच्या वसाहतीत, त्यामुळे इकडची बोली मला परकी नाही. पण लिहायला बसलं की शाळेतली भाषा येते, त्याला इलाज नाही.

ती पहिल्यांदा आली ती रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, हातभर झाले होते आणि गावोगावच्या बाया चिखलात उतरायच्या बेतात होत्या. आधी सून दिसली. दाराची चौकट धरून उभी, सातव्या महिन्याचं पोट. पाय उचलत नव्हती, सरकवत होती. तिच्या मागून एक बुटकी, काळीसावळी, लुगड्याचा ओचा घट्ट खोचलेली म्हातारी आली आणि मी काही विचारायच्या आत खुर्ची ओढून सुनेला म्हणाली, "बस. घाई नोको करू."

सुनेचं नाव वनिता. कुठं दुखतं, असं मी वनिताला विचारलं. उत्तर सासूनं दिलं.

"समोर, जांघेच्या मंधात. अन् मांगं, बसाच्या हाडापाशी. कुशीवर होताना कळ निंगते. पायरी चढताना निंगते. साडी नेसताना एका पायावर उभं राह्यलं का त डोळ्यात पाणीच येते."

"तिला बोलू द्या ना."

"ते नाई बोलत. लाजते."

इतकं नेमकं वर्णन पेशंट स्वतः करत नाहीत. मला वाटलं, सासू-सुनेचं चांगलं जमतं, सगळं एकमेकींना सांगतात. तसं नव्हतं, हे नंतर कळलं.

डॉक्टरांनी तपासलेलं होतंच. बाळ ठीक होतं. मी वनिताला टेबलावर घेऊन पाहिलं आणि दोघींना समजेल असं सांगितलं. गरोदरपणात कमरेच्या हाडांना बांधून ठेवणारे बंध सैल पडतात, बाळाला वाट मिळावी म्हणून. काहींचे जास्त सैल पडतात. मग पुढचा आणि मागचा सांधा चालताना कमीजास्त हलतो आणि दुखतो. बाळाला त्याचा धोका नसतो.

"अन् हिले?" म्हातारी म्हणाली. "हिचं जलमभर राह्यते का?"

"बहुतेक बायकांचं बाळंतपणानंतर कमी होतं. पण आता जपलं पाहिजे. दुखत असताना तसंच ओढत राहिलं तर लांबतं."

ती टेबलाजवळ सरकली. मग म्हणाली, "वापस सांगा."

मी परत सांगितलं.

"जपलं पायजे, असं तुमी सांगतलं."

"हो."

"बस," ती म्हणाली, आणि सुनेकडे पाहून मान हलवली. जणू दवाखान्यात यायचं काम तेवढंच होतं.

बाकीचंही मी समजावलं. कुशीवर वळताना गुडघे जुळवून वळायचं. झोपताना मांड्यांमध्ये उशी घ्यायची. कपडे बसून घालायचे. उकिडवं बसायचं नाही, एका कमरेवर गुंड, म्हणजे हंडा, घेऊन पाणी आणायचं नाही. पोटाखालून कमरेभोवती जुन्या लुगड्याचा रुंद पट्टा कसा बांधायचा ते करून दाखवलं. गुडघ्यांमध्ये उशी धरून हळू दाबायचा व्यायाम दिला. हे सगळं मी रोज सांगते. ऐकणाऱ्या माना हलवतात, घरी जातात, आणि घरात खाट एकच असते, ती सासऱ्याची. पाण्याचं बोअरिंग दूर असतं. चूल जमिनीवर असते. महिन्यानं बाई परत येते तेव्हा दुखणं वाढलेलं असतं. तुम्ही कुठल्याही सरकारी दवाखान्यात तासभर बसलात तर हे तुम्हालाही दिसेल. त्यामुळे मी त्या दोघींकडूनही फार आशा ठेवली नव्हती.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांच्या गावची आशाताई कामाला आली होती, ती माझ्या खोलीत डोकावली. चेहऱ्यावर हसू दाबलेलं.

"मॅडम, एक इचारू का? भांडणानं सांधा सरकते, असं तुमी सांगतलं का?"

मी म्हटलं, "काय?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तलावाकाठच्या त्यांच्या ढीवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यात माझ्या नावानं कायदे चालू झाले होते. पाणी गड्यानंच भरायचं, बाईनं सांगतलं हाये. म्हणून तिचा मुलगा सकाळी डोक्यावर गुंड घेऊन बोअरिंगवर उभा राहत होता आणि बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. सुनेनं खाटेवर बसून जेवायचं, आणि सगळ्यांच्या आधी. सासऱ्याची खाट सुनेला, सासरा सपरीत, म्हणजे ओसरीत, चटईवर. सणावाराला मोठ्यांच्या पाया पडायला वाकायचं नाही, उभ्यानं हात जोडायचे. रोज मासोळीचा रस्सा. आणि सुनेसमोर कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, त्यानं सांधा सरकतो.

"सासरा म्हणे, असं कुठी असते का," आशाताई म्हणाली. "त म्हातारीनं हात उभा केला. मी नाई म्हणत बापा..."

मला हसू आलं. थोडी काळजीही वाटली. न सांगितलेली गोष्ट आपल्या नावावर फिरते तेव्हा कुठंतरी अंगाशी येतेच.

तशी ती अंगाशी आलीच. भर रोवणीत एका सकाळी एक उंच, हाडापेरानं मोठी बाई माझ्या खोलीत शिरली. पायांना चिखल वाळलेला होता, म्हणजे बांधीतून, रोवणीच्या शेतातूनच निघून आली असावी. ही त्या म्हातारीची थोरली जाऊ. गावातल्या रोवणीच्या बायांची म्होरकी तीच होती. या बाया एकत्र शेतं घेतात आणि एकत्र उरकतात. एकीनं दांडी मारली तर तिचा वाटा बाकीच्यांच्या कमरेवर येतो. वनिताला तर आणलंच नव्हतं, तिच्याऐवजी सासू स्वतः चिखलात उतरली होती.

"खरं सांगजा बाई," ती म्हणाली. "माह्या जावेची कंबर धड नाई. चालाले येत नाई धड. अन् जवान सुनेले खाटेवर बसवून ते रोवून राह्यली. पुसलं त तुमचं नाव सांगते. भांडणानं सांधा सरकते हे खरं हाये का?"

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. मी खरं तेच बोलायचं ठरवलं, पण बोलताना जपून.

"भांडणानं सांधा सरकत नाही," मी म्हटलं. "पण भांडणाच्या घरात आराम होत नाही, आणि तिला आराम पाहिजे."

"अन् रोवणी?"

"रोवणी तिनं अजिबात करायची नाही. ते मी सांगितलेलं आहे. चिखलातून एक पाय उपसायचा म्हणजे सगळा भार दुसऱ्या बाजूवर. तोच सांधा दुखतोय तिचा. एका दिवसात ती पडून राहील."

थोरली जाऊ स्टुलावर बसली. बसल्या बसल्या भिंतीवरचं चाक तिनं एकदा फिरवलं.

"जावेलेबी असंच झालं होतं," ती मग म्हणाली. "पोट्टा पोटात होता तवा. आमची सासू म्हणे, पोट काय तुलेच आलं का. रोवणीले नेलंच तिले. बांधीतून निंगताना ढोपरावर निंगे. आमी हासो. बदक म्हणो तिले." पायावरचा वाळलेला चिखल तिनं नखानं खरवडला. "पोट्टा झाल्यावरबी ते तशीच चाले. मंग आमाले वाटलं, तिची चालच तशी हाये."



"तवा कोणी जपलं असतं त..." एवढंच म्हणून ती उठली. उत्तराची वाट तिनं पाहिली नाही.

त्यानंतर जेव्हा म्हातारी आली तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या चालण्याकडे पाहिलं. माझं कामच माणसांच्या चाली पाहण्याचं, पण ती खोलीत आली की बोलण्यानंच खोली भरायची, चाल दिसायची नाही. डाव्या पायावर भार येताच अंग बाजूला कलायचं आणि मग झटक्यानं सावरायचं. तिची त्या दिवशी तक्रार वेगळीच होती.

"जाऊनं मले बांधीत उतरूच देल्लं नाई. पाटावर बसवून पऱ्हे उपडाले लावलं. मले म्हातारी समजून राह्यली."

"तुमची कंबर बघू का मी?"

"माही राहू द्या. आधी हिचं होऊ द्या."

वनिताचं तोवर बरंच बरं चाललं होतं. पण नवव्या महिन्यात एक वाईट आठवडा आला. बाळ खाली सरकलं तसं दुखणं अचानक वाढलं. एके सकाळी तिला खाटेवरून उठताच येईना. म्हातारीचा मुलगा घाबरला. त्याला कोणी सांगितलं की अमक्या गावात हाडवैद्य आहे, पाय ओढून एका झटक्यात हाड बसवतो. त्यानं ओळखीच्या माणसाची गाडी बोलावली, बायकोला उचलून आत ठेवलं आणि निघाला. म्हातारी धावत जाऊन पुढच्या सीटवर बसली. फाट्यावर आल्यावर ड्रायव्हरला म्हणाली, "दवाखान्याकडं घे. बाईनं बोलावलं हाये."

मी बोलावलं नव्हतं. मी डबा उघडून बसले होते. बाहेर गाडीचं दार वाजलं आणि मुलाचा आवाज आला, "माय, तू खोटं बोलून राह्यली." त्यावर तिचा आवाज, अगदी शांत, "हव. खोटं बोलली. आता हिले उतरव."

आम्ही वनिताला स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टरांनी आधी कळा सुरू झाल्या नाहीत ना ते पाहिलं, मग गरोदरपणात चालणारं दुखण्याचं औषध दिलं आणि ठेवून घेतलं. मी पट्टा नीट बांधला, वॉकर आणून दिला. पाय ओढून झटका दिला असता तर काय झालं असतं ते मुलाला समजावलं. तो मान खाली घालून ऐकत होता. वाईट नव्हता तो. त्याला बायकोचं रडणं बघवत नव्हतं, एवढंच.

त्या संध्याकाळी वनिता पहिल्यांदा आपणहून बोलली. म्हातारी खाटेच्या पायथ्याशी सुनेचे तळवे चोळत बसली होती. वनिता तिच्याकडे न पाहता मला म्हणाली, "मॅडम, दुखते त्याचं काई नाई. पर मले आत्यासारखं चालाचं नाई."

मला वाटलं, म्हातारी दुखावेल. तिचे हात क्षणभर थांबले आणि परत चालू झाले.

"म्हणून त आणलं तुले," ती म्हणाली.

बाळंतपण आमच्याच दवाखान्यात झालं. मी आधीच सिस्टरांशी बोलून ठेवलं होतं की हिचे पाय फार फाकवायचे नाहीत, जमलं तर कुशीवर घ्या. सिस्टर अनुभवी होत्या, त्यांना सांगायची गरजही नव्हती. पण लेबर रूमच्या दाराशी म्हातारीनं पंजा उभा केलाच. "पाय फाकवाचे नाई. मी नाई म्हणत, बाईनं..." सिस्टर म्हणाल्या, "हव आजी, आमालेबी सांगतलं बाईनं." तिचा पंजा खाली आला. त्या एका वेळी गोष्ट खरीच मी सांगितलेली होती, आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुपारपर्यंत मुलगी झाली. थोरली जाऊ गावाहून डिंकाचे लाडू घेऊन आली आणि दोघी जावा व्हरांड्यात एका बाकावर बसून राहिल्या.

सगळं लगेच चांगलं झालं असं नाही. वनिताला त्यानंतरही काही आठवडे वळताना कळ यायची. तिनं व्यायाम सोडले नाहीत. हिवाळा सरता सरता ती एकदा आली आणि माझ्या लाकडी पायऱ्या चढून उतरून दाखवल्या, हात न धरता. मग दाराबाहेर पाहून म्हणाली, "आता आत्याचं पाहा."

म्हातारीला तिनं दाराबाहेरून ओढतच आत आणलं. ती म्हणत राहिली, "माह्याले काय झालं." वनितानं कडेवरची मुलगी माझ्या मदतनीस बाईकडे दिली, सासूच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "आत्या, चढा. बाईनं सांगतलं हाये."

मी हसू आवरलं. ती टेबलावर चढली. लुगडं सावरून, डोळे छताला लावून, अंग आखडून पडली. मी तिच्या कमरेवर हात ठेवला आणि नेहमीसारखं विचारलं, "कुठं दुखतं, दाखवा."

ती बोलेना. मला वाटलं, लाजते. सुनेचं दुखणं बोटाबोटानं सांगणारी ही बाई स्वतःच्या कमरेवर हात फिरवत राहिली, इकडे ठेवला, तिकडे ठेवला. मग म्हणाली, "इतके वरीस कोणी पुसलंच नाई. त मी जागा ध्यानातच ठेवली नाई."

तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. ते तिनं पुसलं नाही. वनिता पाठ करून खिडकीपाशी उभी राहिली.

मी जागा शोधली. मागचा सांधा होताच, आणि इतक्या वर्षांच्या वेड्यावाकड्या चालीनं खुब्याचा सांधाही झिजला होता. जे होतं त्यातलं फार काही मागं फिरणार नव्हतं, ते मी तिला सांगितलं. थोडे व्यायाम दिले, शेक दिला, उजव्या हातात काठी धरायला सांगितली. काठीला ती तयार झाली नाही. व्यायाम मात्र करायची. नातीला शेजारी निजवून, तिला मोजून दाखवत करते, असं वनिता सांगायची. रात्री कुशीवर वळता येतं आता, हे म्हातारीनं मला स्वतः सांगितलं, जरा कोरड्या आवाजात, कौतुक होऊ नये म्हणून.

मोहफुलं पडायच्या दिवसांत म्हातारी गेली. पहाटे फुलं वेचून आली, सपरीत बसली, छातीत कळ आली म्हणाली, आणि गाडी येईपर्यंत राहिली नाही. मला चार दिवसांनी कळलं. वनिता दवाखान्यात मुलीला डोस द्यायला आली होती. चालत आली, नीट, सरळ. ती बाकावर बसली आणि मी तिच्या शेजारी. मुलगी तिच्या मांडीवर झोपलेली होती.

तिनं फार सांगितलं नाही. नवरा जेवत नाही म्हणाली. सासरा कोणाशी बोलत नाही. मग तिनं म्हातारीला शेवटची आंघोळ घालतानाचं सांगितलं. मोहल्ल्यातल्या बाया जमल्या होत्या. अंगणात फळी टाकली होती. ऊन चढत होतं, माणसं थांबली होती, म्हणून बायांनी घाईनं हातापायांना धरून उचलायला घेतलं. थोरली जाऊ तोवर भिंतीला टेकून बसली होती, रडलीसुद्धा नव्हती. ती उठली, बायांना बाजूला सारून पुढं झाली आणि आपले दोन्ही हात तिच्या कमरेखाली घातले.

"हळू धरा," ती म्हणाली. "तिची कंबर दुखते."